ठाण्याचा हिवाळा आणि सदाहरित जंगलातली झाडे

डिसेंबर सुरू झाला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या बाल्कन्यांमधून सदाहरित जंगलांतून आलेल्या शोभेच्या झाडांबद्दल एकच तक्रार ऐकू येऊ लागते. पावसाळाभर टवटवीत राहिलेल्या अँथुरियमच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, अलोकेशियाचे एकेक पान पिवळे पडून माना टाकते, आणि फिलोडेंड्रॉनचे कोवळे पान उलगडता उलगडता अडकते आणि फाटते. झाडाला थंडी बाधली असे निदान होते, कुंडी उचलून घरात आणली जाते आणि पंख्याखाली, अपुऱ्या उजेडात ते झाड आणखी खालावते. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरी काही वर्षे हाच क्रम चालू होता. नंतर तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या नोंदी ठेवू लागल्यावर माझे मत बदलले. आपल्याकडे या झाडांना थंडीपेक्षा कोरडी हवा आणि कलते ऊन अधिक छळते, असे मला आता वाटते.

थंडीचे खरे स्वरूप आधी समजून घ्यायला हवे. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांच्या हवामान वर्गीकरणात ज्या ठिकाणी वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते, त्या ठिकाणाचे हवामान उष्णकटिबंधीय मानतात, आणि ठाणे या कसोटीवर सहज उतरते. तरीही उष्ण प्रदेशातल्या वनस्पतींना इजा होण्यासाठी पाणी गोठण्याची गरज नसते. हिवाळ्याच्या सकाळी घरातले खोबरेल तेल गोठलेले असते, पण शेजारच्या बरणीतले शेंगदाण्याचे तेल पातळच असते, हे आपण दरवर्षी पाहतो. खोबरेल तेलात संपृक्त, म्हणजे लवकर घट्ट होणाऱ्या मेदाम्लांचे प्रमाण फार मोठे असल्याने ते सुमारे २४ अंशांखाली घट्ट होऊ लागते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटलही मेदांचेच बनलेले असते. थंड प्रदेशातल्या वनस्पती थंडीच्या चाहुलीबरोबर त्यातल्या असंपृक्त, म्हणजे थंडीतही पातळ राहणाऱ्या मेदाम्लांचे प्रमाण वाढवून पटल लवचिक ठेवतात. अनेक उष्णकटिबंधीय वनस्पतींना हे पुरेसे जमत नाही. तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास उतरले की त्यांचे पटल ताठर होते, त्यातून क्षार पाझरू लागतात आणि मुळांची पाणी शोषण्याची क्षमता घटते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्यांची साल काळी पडते ती याच कारणाने, आणि जळगावकडे थंडीच्या लाटेत केळीच्या बागांवर जो ‘चरका’ पडतो तोही याच इजेचा प्रकार आहे.

पण इतकी थंडी आपल्याकडे किती वेळा पडते? मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, आणि तो तिथला नीचांक आहे. एरवी खाडीलगतच्या ऐरोली-वाशीत आणि दाट वस्तीच्या ठाण्यात रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच जातो, कारण पाणी आणि काँक्रीट दोन्ही दिवसाची उष्णता साठवून रात्री हळूहळू सोडतात. येऊरच्या किंवा खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी मात्र निरभ्र रात्री उतारावरची जड, थंड हवा खाली येऊन साचते आणि उघड्या आकाशाखालची पाने सभोवतालच्या हवेपेक्षाही थोडी अधिक निवतात. अशा जागी मोजक्या रात्रींपुरते कुंडीवर साधे कापड धरले किंवा ती छपराखाली सरकवली तरी पुरते.

कोरड्या हवेचे तसे नाही, कारण ती मोजक्या रात्रींपुरती येत नसून महिनोन्‌महिने मुक्काम करते. समजा, पहाटे तापमान १६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे, गवतावर दव आहे, आणि हवा दमट असल्याचे आपल्याला वाटते. पूर्वेकडून जमिनीवरचा वारा वाहत राहिला आणि बाष्पाचे प्रमाण तेवढेच राहून दुपारपर्यंत तापमान ३२ अंशांवर गेले, तर तीच आर्द्रता सुमारे ३४ टक्क्यांवर येते, कारण हवा तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता झपाट्याने वाढते. हवेच्या या तहानेला बाष्पदाबाची तूट म्हणतात. किलोपास्कल या दाबाच्या एककात मोजली तर या उदाहरणात ती ३.१ भरते, तर जुलैतल्या २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या दिवशी जेमतेम ०.६ किलोपास्कल असते. पानातून पाणी खेचण्याची हवेची ताकद अशा रीतीने पाचपट होते. मुळे ते पाणी पुरवू शकली नाहीत की शिरांच्या टोकाशी, म्हणजे पानाच्या कडेला, पेशी प्रथम मरतात. तपकिरी कडा हे त्याचे चिन्ह आहे. अँथुरियमची मूळ भूमी असलेली कोलंबिया आणि इक्वेडोरमधली अँडीज पर्वताच्या उतारांवरची जंगले काही फार उष्ण नसतात, पण ती बारमाही ओली असतात, आणि हा फरक आपण विसरतो.

आपल्या जंगलांना कोरड्या ऋतूची सवय आहे. येऊरमधले साग, पळस आणि सावर पाने गाळून मोकळे होतात. अँथुरियम, फिलोडेंड्रॉन आणि अलोकेशिया ही सारी अळू-सुरणाच्या कुळातली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका जी शेवळे विकायला आणतात, तीही त्याच कुळातली. शेवळाचा कंद मात्र पूर्ण कोरडा ऋतू जमिनीखाली झोपून काढतो. म्हणून कॅलेडियमची किंवा काही अलोकेशियांची पाने हिवाळ्यात गळून पडली तर झाड मेले असे समजून कुंडी रिकामी करू नये. कंद घट्ट असेल तर झाड केवळ विश्रांतीत असते, आणि त्या काळात त्याला पाणी अगदी थोडे द्यावे.

उन्हाची बाब याहून कमी ध्यानात येते. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दक्षिणमुखी बाल्कनीत माध्यान्हीचे थेट ऊन येतच नाही. २२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेच्या आकाशात क्षितिजापासून केवळ ४७ अंशांवर असतो, आणि बाल्कनीच्या उघड्या तोंडाची वरची कड फरशीपासून जितकी उंच असेल, जवळजवळ तितके आत ऊन शिरते. जी कुंडी पावसाळ्यात सावलीत सुखाने वाढली, तीच जागा न बदलता हिवाळ्यात उन्हात येते. त्यातच सकाळी गारठलेल्या पानावर प्रखर ऊन पडले तर पान प्रकाश शोषत राहते, पण त्या ऊर्जेचा उपयोग करणारी विकरे (एन्झाइम) थंडीने मंदावलेली असतात, आणि शिलकी ऊर्जेतून तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू हरितद्रव्याची हानी करतात. पानाच्या मध्यभागी फिकट, पांढुरके डाग दिसले तर ते बहुधा या उन्हाचे असतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दक्षिणेच्या ग्रिलवर हिरवी शेडनेट बांधणे हा माझ्या अनुभवात एकट्याने सर्वांत मोठा फरक घडवणारा उपाय ठरला आहे.

पाणी देताना कुंडीचाही विचार करावा लागतो. मातीची कुंडी माठासारखी पाझरते आणि पाझरलेल्या पाण्याच्या बाष्पीभवनाने आतली माती निवते. एप्रिल-मे महिन्यांत हा गुण मोलाचा असला, तरी कोरड्या हिवाळ्यात त्याने मुळे हवेपेक्षा अधिक गार होतात आणि वर हवेची तहान वाढलेली असताना खालून पुरवठा मंदावतो. अशा झाडांसाठी मी हिवाळ्यात प्लॅस्टिकची कुंडी पसंत करतो. पाणी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, माती बोटाच्या एका पेराइतकी खोल सुकल्यावरच द्यावे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने गार, चिंब मातीत मुळे कुजतात, आणि पावसाने धुऊन निघण्याचे थांबलेले खताचे क्षारही साचत जातात. महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईल असे सावकाश ओतावे, आणि या महिन्यांत खत देऊ नये. पानांवर फवारा मारण्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण अशा हवेत तो काही मिनिटांतच सुकतो. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि मातीवर वाळलेल्या पाल्याचा जाड थर पसरावा. कोकणातल्या वाडीत नारळ-सुपारीच्या छायेखाली जायफळ आणि मिरवेल वाढते ती याच तत्त्वावर. वरची झाडे वारा आणि ऊन अडवतात, आळ्यातले पाणी आणि कुजणारा पाला खालची हवा ओलसर ठेवतो.

तरी काही झाडांचा हट्ट न धरणेच बरे. मलाय द्वीपकल्पातले मँगोस्टीन हे कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतले, पण कोकम सह्याद्रीच्या पायथ्याशी आठ कोरडे महिने निभावून एप्रिल-मेमध्ये फळते, आणि मँगोस्टीनला तेवढा काळ ओल्या हवेवाचून काढता येत नाही. गच्चीत जागा एकाच झाडापुरती असेल, तर मी कोकम लावीन. मोन्स्टेरा, हेलिकोनिया आणि जाड पानांचे फिलोडेंड्रॉन मात्र आडोसा मिळाला की उघड्यावर हिवाळा काढतात. त्यांची कुंडी बदलण्याची घाई जानेवारीत करू नये. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्री उबदार होऊ लागल्या आणि नवे पान न फाटता पूर्ण उलगडले, की मुळे पुन्हा कामाला लागली असे समजून तेव्हा कुंडी बदलावी.