एका त्रिकोणात कोंबलेले दोघे

पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरी आणला की माणूस पहिल्यांदा हाताला लागेल ते मोजतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब मोजून बघा. शाळेतल्या सूत्रानं हिशेब असा: ६० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे धारा ०.२६ अँपियर. २३० ला या ०.२६ ने भागलं की रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, साधारण ८८० ओहम. मीटरवर मात्र दिसतात जेमतेम साठ-सत्तर. मीटर बिघडलेला नाही आणि दुकानदारानंही फसवलेलं नाही. मीटरनं मोजली ती थंड तार. बल्ब पेटल्यावर टंगस्टनची तीच तार अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि तिचा रोध बारा-तेरा पट होतो.

सूत्राचा हा अडेलपणा कळायला त्याच्या जन्मापर्यंत मागं जावं लागतं. वहीत आपण व्होल्ट, अँपियर, ओहम आणि वॅट सूत्रं पाठ करायच्या एकाच त्रिकोणात, फार तर दोन त्रिकोणांत कोंबतो आणि सगळं एकाच माणसाचं समजतो. प्रत्यक्षात रोधाचा नियम (व्होल्ट म्हणजे धारा गुणिले रोध) एकाचा आणि उष्णतेचा दुसऱ्याचा.

पहिला माणूस गेओर्ग ओहम, जर्मनीतल्या कोलोनचा शाळामास्तर. १८२५ साली त्यानं व्होल्टाच्या पद्धतीच्या बॅटरीवर तारा जोडून मोजमाप सुरू केलं आणि पहिलं सूत्र चक्क चुकलं. बॅटरीचा जोर मोजता मोजताच उतरत होता. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं त्यानं बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ-तांब्याची जोडी घेतली; तिच्या दोन सांध्यांच्या तापमानात फरक ठेवला की वीज तयार होते. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. जोवर पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय, तोवर विजेचा जोर हलत नाही. मला ओहमची खरी करामत इथे वाटते, सूत्रात नाही. सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, सर्वांत आखूड २ इंचांची आणि सर्वांत लांब १३० इंचांची, एकेक करून जोडायची आणि वर टांगलेली चुंबकसुई धारेमुळे किती वळते ते पाहायचं. अँमीटर नव्हता, व्होल्टमीटर नव्हता, ‘ओहम’ हे माप तर असणारच कसं!

१८२७ साली त्याचं पुस्तक निघालं. मायदेशी त्याला थंड प्रतिसाद मिळाला, कोलोनची नोकरीही सुटली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कोपली पदक दिलं. म्युनिकला प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ साली, आणि दोन वर्षांत तो वारला. खरं तर इंग्लंडातल्या हेन्री कॅव्हेंडिशला असंच काहीसं १७८१ मध्येच उमगलं होतं. तो स्वतःच्या अंगातून झटके घेऊन कुठला जोरात बसला ते ठरवायचा! पण त्यानं छापलंच नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं त्याच्या वह्या १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या.

दुसरा माणूस जेम्स जूल, मँचेस्टरजवळच्या दारूभट्टीवाल्याचा मुलगा. १८४० च्या सुमारास त्यानं काचेच्या नळीभोवती तार गुंडाळली, ती पाण्यात बुडवली, धारा सोडली आणि थर्मामीटर धरून बसला. पाणी तापतं ते धारेच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात, हे त्यानं दाखवलं. धारा दुप्पट केली की उष्णता चौपट.

मापांचा घोळ मिटायला मात्र तारायंत्राचा धंदा यावा लागला. समुद्राखालची केबल कुठे तुटली हे किनाऱ्यावरून शोधायचं, तर रोधाचं सर्वमान्य माप हवंच. ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं १८६१ मध्ये त्यासाठी समिती नेमली. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपियर ही नावं पक्की झाली. ‘वॅट’ हे नाव विल्यम सीमेन्स या इंजिनिअरनं १८८२ साली सुचवलं. १८९३ मध्ये शिकागोला ठरलं की बर्फाच्या तापमानाला १०६.३ सेंटिमीटर लांबीचा, १४.४५२१ ग्रॅम वजनाचा पाऱ्याचा स्तंभ म्हणजे एक ओहम.

या हिशेबाचं पुणेकरांच्या ओळखीचं उदाहरण बोरघाटात आहे. कल्याण-पुणे मार्गावर १९२९ मध्ये विजेची गाडी धावू लागली, १,५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या धारेवर. मालगाड्या ओढायला लांब नाकाचं, २,६०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्याला ‘खेकडा’ म्हणत. अश्वशक्तीला ७४६ वॅट धरले तर सुमारे १९ लाख ४० हजार वॅट, भागिले १,५००, म्हणजे जवळपास १,३०० अँपियर. मोटारीतली गळती धरली तर त्याहून जास्तच. एवढी धारा डोक्यावरच्या तारेतून खेचायची, तर जूलचा वर्ग आडवा येतो. म्हणून डीसीला जाड तारा लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन. आज त्याच घाटात २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी धारा आहे. एसीतले पॉवर फॅक्टरसारखे बारकावे बाजूला ठेवले तर तेवढ्याच ताकदीला ७८ अँपियर पुरतात, आणि तार तीच धरली तर तिच्यात वाया जाणारी उष्णता पावणेतीनशे पटींनी कमी.