मॅक्सवेलची चार समीकरणं वेगळी आणि मॅक्सवेलचं पुस्तक वेगळं

"मॅक्सवेलने 1873 च्या ग्रंथात चार समीकरणं मांडली, तीच आपण आज शिकतो, मग मूळ पुस्तक कशाला वाचायचं" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. यातला पहिला भागच चुकीचा आहे, आणि तो चुकला म्हणून पुढचा प्रश्नही चुकतो.

एकोणिसाव्या शतकातला भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याच्या नावाची, वीज आणि चुंबकत्वाचे मूळ नियम सांगणारी ही चार समीकरणं तुम्हाला पाठ असतील. दोन डायव्हर्जन्सची (क्षेत्र एखाद्या बिंदूपासून किती बाहेर पसरतं), दोन कर्लची (ते बिंदूभोवती किती गोल फिरतं), टीशर्टवर मावतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्यांना हे आटोपशीर रूप दिलं ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज अभियंत्याने, 1884-85 च्या सुमारास, म्हणजे मॅक्सवेल जाऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर. पुढे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झही त्याच वाटेने गेला.

पुस्तक म्हणजे 'अ ट्रीटाइज ऑन इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम', दोन खंड, 866 कलमं. 1865 चा वीस समीकरणांचा पेपर तो वेगळा, त्याचीही लोक यात सरमिसळ करतात पण ते किरकोळ आहे. चिन्हं वेगळी, एककं वेगळी, मधेच क्वाटर्नियन (चार घटकांच्या संख्यांचं गणित), त्याचीही थोड्या दिवसांत सवय होते.

खरी मेख आहे दुसऱ्या खंडात. चौथ्या भागाच्या आठव्या-नवव्या प्रकरणांत मॅक्सवेल मुख्य समीकरणांना ए, बी, सी अशी अक्षरं देत जातो आणि त्यातलं पहिलंच, ए, सांगतं की चुंबकीय क्षेत्र म्हणजे व्हेक्टर पोटेन्शियल नावाच्या, प्रत्येक बिंदूपाशी मोल आणि दिशा असलेल्या राशीचा कर्ल. आपल्याला हे व्हेक्टर पोटेन्शियल कधी शिकवतात? अर्धा कोर्स झाल्यावर, गणित सोपं करायची युक्ती म्हणून. मॅक्सवेलसाठी ती युक्ती नाहीच, तो त्यात संवेग बघतो, म्हणजे वेगात असलेली जड वस्तू थांबवायला जसा जोर लागतो तसंच काहीतरी सर्किटमध्ये साठलेलं आहे, आणि ते प्रत्येक बिंदूपाशी मोजता येतं. मग बी बघा. वाहकातलं विद्युत बल तीन तुकड्यांत: एक वाहक क्षेत्रातून हलतोय म्हणून, एक व्हेक्टर पोटेन्शियल वेळेनुसार बदलतंय म्हणून, आणि एक साध्या पोटेन्शियलच्या (व्होल्टेज ज्यातून येतं त्याच्या) उतारामुळे. यातला पहिला तुकडा म्हणजे आज आपण लॉरेंझ बल (हलत्या विद्युतभारावर चुंबकीय क्षेत्र लावतं ते बल) म्हणून चार समीकरणांच्या बाहेर वेगळा नियम शिकवतो तोच! आणि फॅरडेचा नियम (चुंबकीय क्षेत्र बदललं की वीज निर्माण होते) या यादीत वेगळा दिलेलाच नाही, तो दुसऱ्या तुकड्यातून आपोआप निघतो. ओहमचा नियमसुद्धा यादीत आहे. म्हणजे हे चार समीकरणांचं अडगळीसकट रूप नव्हे, इथे पायाच वेगळा घातलाय.

हा पाया आला मायकेल फॅरडे या इंग्रज प्रयोगकर्त्याकडून. 29 ऑगस्ट 1831, मऊ लोखंडाची सहा इंची रिंग, तिच्यावर तारेची दोन वेटोळी. एकाला बॅटरी जोडली की दुसऱ्याजवळची सुई झटका खाऊन परत जागेवर येते, बॅटरी तोडली की उलटा झटका. मधल्या वेळात सुई गप्प. पण तोडल्यावर झटका बसतो म्हणजे त्या गप्प असण्यातही तार कुठल्यातरी खास अवस्थेत असणार असं त्याला वाटलं, आणि आपल्या 'एक्सपेरिमेंटल रिसर्चेस इन इलेक्ट्रिसिटी' या लेखमालेच्या 60 व्या परिच्छेदात त्याने तिला नाव दिलं इलेक्ट्रोटॉनिक स्टेट. पुढच्याच लेखात, 231 व्या परिच्छेदात, ही कल्पना आता गरजेची नाही म्हणून त्याने ती मागे घेतली, तरी नंतर तो तिच्याकडे वळत राहिला. मॅक्सवेलने 1855-56 मध्ये नेमकी तीच उचलली आणि तिला गणित दिलं, तेच पुढे व्हेक्टर पोटेन्शियल झालं. त्यामुळे "मॅक्सवेलने फक्त फॅरडेचं गणितात भाषांतर केलं" असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. फॅरडेने स्वतः बाजूला ठेवलेली गोष्ट त्याने पायात घातली.

हेविसाइडने व्हेक्टर पोटेन्शियल नको म्हणून काढलं. हिशेब सोपे झाले, शिकवायला मीही चारच घेईन. पण 1959 मध्ये आहारोनोव आणि बोम या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की जिथे चुंबकीय क्षेत्र शून्य आहे पण व्हेक्टर पोटेन्शियल नाही अशा जागेतून इलेक्ट्रॉन गेले तरी त्यांचा इंटरफरन्स पॅटर्न (त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळून उमटणारे पट्टे) सरकतो, आणि 1986 मध्ये जपानच्या तोनोमुरांच्या गटाने सुपरकंडक्टरने (चुंबकीय क्षेत्र बाहेर पडू न देणाऱ्या पदार्थाने) झाकलेलं बारीक चुंबकी कडं वापरून ते प्रयोगात पक्कं केलं. मॅक्सवेलला क्वांटम दिसलं होतं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणारेही मला पटत नाहीत. पण ज्याला आपण युक्ती म्हणून सोडून दिलं त्यावर त्याने किती विचार केलाय हे फक्त त्या पुस्तकातच वाचायला मिळतं.

ईथरवर, म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणाऱ्या काल्पनिक माध्यमावर, मॅक्सवेलचा विश्वास होता म्हणून पुस्तक शिळं, हाही एक आवडता आक्षेप. ईथर काढून टाका, ए आणि बी जागच्या जागी राहतात.

वाचायचं असेल तर पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासून सुरू करू नका, तिथली स्फेरिकल हार्मोनिक्स (गोलावरच्या राशींचं किचकट गणित) उत्साह मारून टाकतात. आधी फॅरडेचे 1 ते 60 परिच्छेद वाचा, एकही समीकरण नाही. मॅक्सवेलनेही तेच केलं होतं, फॅरडे वाचून होईपर्यंत या विषयातलं गणित वाचायचं नाही असं ठरवल्याचं त्याने प्रस्तावनेत लिहिलंय. मग थेट चौथ्या भागाचं आठवं प्रकरण, हातात पेन्सिल, आणि तीन-तीन ओळींत (प्रत्येक दिशेला एक) दिलेलं प्रत्येक समीकरण स्वतः व्हेक्टरमध्ये लिहून बघा. 1891 ची तिसरी आवृत्ती मिळाली तर महिरपी कंसातल्या टिपा त्या आवृत्तीचा संपादक जे. जे. थॉमसन याच्या आहेत, त्या पहिल्या वाचनात सोडा.