बहिष्कार, कलाकृतींवरील

बहिष्कार, कलाकृतींवरील : निर्मात्याच्या वर्तनाचा किंवा जाहीर मतांचा निषेध म्हणून त्याच्याशी निगडित चित्रपट, मालिका, संगीत वा व्हिडिओ गेम विकत न घेण्याची, न पाहण्याची आणि इतरांनाही त्यापासून परावृत्त करण्याची सामूहिक मोहीम. २०१० नंतरच्या दशकात अशा मोहिमा मुख्यत्वे समाजमाध्यमांवरून चालू लागल्या. आशयावरचा आक्षेप येथे बहुधा दुय्यम असतो. खरा आक्षेप निर्मात्याच्या नावावर आणि त्या नावाकडे वाहणाऱ्या पैशावर असतो, म्हणून सेन्सॉरशिपपासून ही मोहीम वेगळी मानावी.

‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात रूढ झाला. लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचे कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांच्याशी तेथील लोकांनी व्यवहार तोडले; मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी नोव्हेंबरमध्ये पीक काढण्यासाठी कॅव्हन आणि मोनाहन येथून सुमारे ५० माणसे लष्करी पहाऱ्यात आणावी लागली. शब्दाचा कर्ता कोण, याविषयी मुख्य आधार अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या हकिकतीचा आहे. ‘ऑस्ट्रसाइझ’ (वाळीत टाकणे) हा शब्द कुळांना समजणार नाही, म्हणून फादर जॉन ओ’मॅली यांनी कारभाऱ्याचे आडनावच क्रियापद म्हणून सुचवले, असे ती सांगते. कल्पना मात्र त्याआधीची आहे. आयरिश राजकीय नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील भाषणात ती स्पष्टपणे मांडली होती. मूळ घटनेत एका माणसाला वाळीत टाकले गेले. मालावर बहिष्कार हा अर्थ पुढे प्रबळ झाला. कलाकृतींवरील बहिष्कारात हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात, कारण रोख व्यक्तीवर असतो आणि हात मालापुरताच पोहोचतो.

‘कॅन्सल करणे’ या प्रयोगाचे मूळ अधिक वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते शिक या बँडच्या १९८१ मधील गाण्यापर्यंत मागे नेतात, काही ‘न्यू जॅक सिटी’ (१९९१) या चित्रपटातील एका संवादाकडे बोट दाखवतात, तर काही २०१४ च्या अखेरीस प्रसारित झालेल्या एका रिअॅलिटी शोमधील भांडणाकडे. या तिन्ही ठिकाणी तो प्रेमसंबंध तोडण्याच्या अर्थाने येतो. सार्वजनिक व्यक्तीचा पाठिंबा काढून घेणे हा आजचा अर्थ साधारणपणे २०१५ च्या सुमारास ट्विटरवरील कृष्णवर्णीय अमेरिकी वापरकर्त्यांत घडला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

समाजमाध्यमांपूर्वीचे ठळक उदाहरण ज्यूद्वेष्टे लेखन करणारे जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या संगीताचे. नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचारानंतर पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्राने त्यांची रचना कार्यक्रमातून वगळली आणि पुढे इस्राएलमध्ये कोणताही कायदा नसताना हा संकेत टिकला. ७ जुलै २००१ रोजी जेरूसलेममध्ये वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बॅरेनबॉइम यांनी ठरलेला कार्यक्रम संपल्यावर वाग्नर ऐकायचे का, असे श्रोत्यांनाच विचारले. सुमारे अर्धा तास सभागृहात वाद झाला, काही जण दारे आपटत निघून गेले, आणि उरलेल्यांसाठी वादन झाले. वाग्नर १८८३ सालीच निवर्तले होते. पैशाचा प्रश्न येथे नव्हताच.

जिवंत निर्मात्याबाबत तोच प्रश्न निर्णायक ठरतो. लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या समलिंगी विवाहविरोधी भूमिकेमुळे त्यांच्या कादंबरीवरील ‘एंडर्स गेम’ (२०१३) हा चित्रपट टाळण्याचे आवाहन झाले, तेव्हा चित्रपटाच्या मिळकतीत त्यांचा वाटा नाही अशा बातम्या आल्या आणि मोहिमेची धार बोथट झाली. उलट लैंगिक शोषणाचे आरोप असलेले अमेरिकी गायक आर. केली यांच्याविरुद्ध २०१७ साली अटलांटात सुरू झालेली ‘म्यूट आर. केली’ ही मोहीम श्रोत्यांवरच विसंबून राहिली नाही. तिने मैफलींचे आयोजक, रेडिओ केंद्रे आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांच्यावर दबाव आणला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने गायकाशी संबंध तोडले. हे आरोप २०२१ साली न्यायालयात सिद्ध झाले, हा फरकही लक्षात घ्यावा. मत आणि गुन्हा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

सर्वाधिक चर्चा झाली ती हॅरी पॉटरच्या कथाविश्वावरील ‘हॉगवर्ट्स लेगसी’ या व्हिडिओ गेमची (१० फेब्रुवारी २०२३). हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी २०२० मध्ये पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींविषयी मांडलेल्या मतांमुळे हे आवाहन झाले. गेमच्या निर्मितीत लेखिकेचा थेट सहभाग नाही, असे प्रकाशकांनी सांगितले; मूळ हक्कांपोटीचे मानधन मात्र लेखिकेकडेच जाते, हे आंदोलकांचे उत्तर होते आणि ते तर्कशुद्ध होते. एखाद्या स्ट्रीमरने (आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्याने) हा गेम खेळला का, हे नाव टाकताच दाखवणारे एक संकेतस्थळ काही काळ चालू होते. खेळणाऱ्यांच्या चॅटमध्ये निषेधाचे संदेश कोसळले, त्यांतील काही सरळ शिवीगाळ होते. पहिल्या दोन आठवड्यांत १.२ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या आकड्यावरून मोहीम फसली असे अनेकदा म्हटले जाते. परंतु त्याच सुमारास पारलिंगी व्यक्तींना मदत करणाऱ्या संस्थांसाठी निधी गोळा झाला आणि आपल्यालाच दुखावणाऱ्या नावाचा उत्सव पाहावा लागणाऱ्यांची व्यथा प्रथमच इतक्या लोकांपर्यंत गेली. विक्रीच्या तक्त्यात हे दिसत नाही.

२०२४ मध्ये रोलिंग यांनी ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या, कायद्यातील ‘स्त्री’ची व्याख्या जैविक लिंगावर आधारावी यासाठीच्या न्यायालयीन लढ्याला ७०,००० पौंड दिले. हक्कांतून मिळणारा पैसा कोठे खर्च होतो, या मुद्द्याला त्यामुळे ठोस आधार मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये घोषित झालेल्या हॅरी पॉटर मालिकेत त्या कार्यकारी निर्मात्या आहेत. गेमच्या वेळी दिलेला थेट सहभाग नसल्याचा खुलासा तेथे लागू होत नाही.