वाड्याची तुळई, चाळीचे बर्मा सागवान आणि जुन्या घरातले पॅनेलिंग

पुण्या-मुंबईतल्या जुन्या घरांना शोभेल असे सागवानी पॅनेलिंग करायचे, तर जुने लाकूड मुख्यतः पाडलेल्या वाड्यांतून किंवा पाडलेल्या चाळींतून मिळते. दोन्हीकडे सागच, पण जंगल वेगळे आणि काळही वेगळा. विकत घेण्याआधी हा फरक ओळखता आलाच पाहिजे.

पेशवाईत वाड्यांना सह्याद्रीलगतचा साग मिळे. शनिवारवाड्याचे काम १७३० च्या जानेवारीत सुरू झाले. त्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातून आणल्याचे सांगतात. वाड्याचा सांगाडा लाकडाचा असे: खांब, त्यांवर तुळया (जाड आडवी लाकडे), तुळयांवर कड्या (त्यांहून बारीक आडवी लाकडे), कड्यांवर पाट आणि वर माती. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातले हे सगळे जळाले, तट आणि जोती उरली.

मुंबईची गोष्ट निराळी. ब्रह्मदेशातले तेनासेरीम १८२६ मध्ये आणि पेगू १८५२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि ब्रह्मदेशाचा साग समुद्रमार्गे येऊ लागला. १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. या कंपनीला ठोठावलेल्या दंडाचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाविरुद्ध युद्ध पुकारले, इतके या लाकडाचे महत्त्व होते. गिरण्यांच्या काळातल्या चाळींचे जिने, कठडे आणि तुळया या सागाच्या.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्त्या थांबल्या. गच्ची गळत राहिली आणि भिंतीत गाडलेली तुळयांची टोके कुजली, कारण तिथे ओल मुरते आणि हवा लागत नाही. पण नवे बांधकाम परवडत नसल्यामुळेच बाकीचे लाकूड जागेवर टिकले. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठचे कित्येक वाडे एका दिवसात पाडले. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर पुनर्विकासाला वेग आला आणि चाळींचे लाकूड बाजारात उतरले. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर त्याची किंमत आणखी वाढली. लागवडीच्या कोवळ्या सागात बाहेरचे पांढरे लाकूड जास्त, तेल कमी. जुन्याची बरोबरी त्याला करता येत नाही.

वय ओळखायला खुणा आहेत. वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) उथळ घाव किंवा हातकरवतीच्या सरळ पण असमान रेघा आणि लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे म्हणजे बहुधा जुने काम. कमानीसारख्या वळलेल्या रेघा यांत्रिक गोल करवतीच्या. गोल तारेचे खिळे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचे, पण ते दुरुस्तीतही आलेले असू शकतात. तेवढ्यावरून निकाल देऊ नये. खिळ्याभोवतीचा काळा डाग ही लोखंडाची लाकडातल्या द्रव्यांशी झालेली प्रक्रिया आहे, कुजणे नव्हे. टोचणी खुपसून पाहावी: सहज आत गेली तर लाकूड गेलेले.

हिशेब इथे चुकतो. १० × ९ फुटांच्या भिंतीला पाऊण इंची फळ्या लावायच्या, तर तयार लाकूड सुमारे ५.६ घनफूट. तेवढेच घेतले तर काम अर्ध्यावर थांबते. ६ × ८ इंची, १० फूट लांब तुळईतून करवतीची आणि रंध्याची घट वजा जाता पाचच फळ्या निघतात. टोके कापून त्या ९ फुटांच्या उरतात आणि एका तुळईत जेमतेम २८ चौरस फूट भरतात. म्हणजे चार तुळया, १३ घनफुटांहून थोडे अधिक. चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवावाच. आत तुटलेला एक खिळा बँडसॉचे (यांत्रिक पट्टा-करवतीचे) पाते घालवतो.

जुना तैलरंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली. ओले करून खरवडावे, तोंडावर योग्य मास्क लावावा.

चिरलेल्या फळ्या त्याच घरात काही आठवडे, मधे पट्ट्या घालून, रचून ठेवाव्यात. साडेसात इंची फळी पावसाळा ते उन्हाळा सुमारे २ मिमी हलते. म्हणून सांध्यात डिंक घालू नये आणि प्रत्येक फळी एकाच कडेला ठोकावी. दोन्ही कडा जखडल्या तर मधोमध तडा जातो. भिंत आणि फळ्या यांच्यामध्ये किमान २५ मिमी जाडीच्या पट्ट्या, खाली-वर हवेला वाट, आणि तेल किंवा पॉलिशचा पहिला हात मागच्या बाजूलाही. तो चुकवला की पहिल्याच पावसाळ्यात फळ्या वाकतात.