परदेशातल्या व्यवहाराबद्दल शंका आहे? अमेरिकेच्या न्याय विभागाकडून एफसीपीए अभिप्राय असा मागवतात

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका अमेरिकी कंपनीचे जहाज चुकून भलत्याच देशाच्या सागरी हद्दीत नांगरले गेले. त्या देशाच्या नौदलाने जहाज अडवले आणि कप्तानाला तुरुंगात टाकले. कप्तानाला गंभीर आजार होते. नौदलाच्या वतीने बोलतो असे सांगणाऱ्या एका मध्यस्थाने सुटकेसाठी १,७५,००० डॉलर रोख मागितले. पैसे दिले तर लाच, आणि दिले नाहीत तर माणूस दगावण्याची भीती. कंपनीने न्याय विभागाकडे लेखी विचारणा केली आणि दोन दिवसांत प्राथमिक उत्तर आले: या रकमेसाठी कारवाई करण्याचा आमचा विचार नाही. सविस्तर अभिप्राय जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्कम माणसाचा जीव वाचवण्यासाठी होती, त्यामागे धंदा मिळवण्याचा भ्रष्ट हेतू नव्हता, हे त्यातले मुख्य कारण.

फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट, म्हणजे एफसीपीए, १९७७ चा. परदेशी सरकारी अधिकाऱ्याला लाच देऊन धंदा मिळवणे किंवा टिकवणे हा त्याखाली गुन्हा आहे. कंपनीला प्रत्येक गुन्ह्यामागे २० लाख डॉलरपर्यंत दंड आणि व्यक्तीला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे देण्याआधी विचारण्याची सोय याच कायद्यात आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या कम्प्लायन्स (कायदे-नियमांचे पालन पाहणाऱ्या) विभागांतही ती फार क्वचित वापरली जाते, याची मला खंत वाटते.

अर्ज कोण करू शकतो

दोनच गटांना हा मार्ग खुला आहे. पहिला ‘इश्युअर’, म्हणजे ज्यांचे रोखे अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेले आहेत अशा कंपन्या. न्यूयॉर्कमध्ये एडीआर, म्हणजे परदेशी शेअरच्या बदल्यात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पावत्या, असलेल्या परदेशी कंपन्याही यात येतात. दुसरा ‘डोमेस्टिक कन्सर्न’, म्हणजे अमेरिकेचे नागरिक व रहिवासी आणि अमेरिकी कायद्याखाली स्थापन झालेल्या किंवा मुख्य कारभार अमेरिकेतून चालणाऱ्या संस्था. अर्जदार त्या व्यवहारात स्वतः सहभागी असला पाहिजे. भागीदाराला अभिप्रायाचा आधार हवा असेल, तर त्यानेही अर्जात सामील व्हावे. जो सामील नाही त्याला तो लागू होत नाही.

कोणता व्यवहार चालतो

व्यवहार खरा हवा. ‘समजा आम्ही असे केले तर’ अशा कल्पित प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ज्या भागावर अभिप्राय हवा, तो अजून घडलेला नसावा. करारावर सह्या झालेल्या असण्याची गरज नाही. उलट, स्वतःला बांधून घेण्याआधीच अर्ज करावा, असे नियमच सांगतात.

लाच आधीच दिली गेली असेल, तर ही वाट तुमची नाही. तिथे आपण होऊन गुन्हा उघड करण्याचे वेगळे धोरण आहे. ते २०१६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले आणि २०१७ मध्ये कायम झाले. चेन्नईतल्या संकुलाच्या परवान्यासाठी लाच मंजूर केल्याच्या प्रकरणात कॉग्निझंट या आयटी कंपनीने संचालक मंडळाला कळल्यापासून दोन आठवड्यांत न्याय विभागाला माहिती दिली. कंपनीने एकूण सुमारे अडीच कोटी डॉलर भरले, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये विभागाने तिच्यावर खटला भरण्याचे नाकारले.

अर्ज आणि कागदपत्रे

खरे काम इथे आहे. अर्ज लेखी हवा. मूळ प्रत आणि तिच्या पाच प्रती न्याय विभागाच्या क्रिमिनल डिव्हिजनच्या प्रमुखांच्या नावे, ‘एफसीपीए ओपिनियन ग्रुप’ असा उल्लेख करून पाठवायच्या.

अर्जात व्यवहाराची सगळी महत्त्वाची माहिती आणि परिस्थिती नेमकेपणाने मांडावी लागते. करार, मसुदे, पत्रव्यवहार, म्हणजे व्यवहाराला आधार असलेल्या सर्व कागदांच्या प्रती जोडायच्या. आणि जे कागदावर नाही तेही लिहायचे: तोंडी ठरलेले, बाजूला ठेवलेले, ‘ते आपण नंतर बघू’ म्हटलेले सगळे. हा भाग सर्वाधिक टाळला जातो. नेमका तोच निर्णायक असतो, कारण अभिप्रायाचे संरक्षण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपुरतेच असते.

सही कोणाची, हाही कळीचा मुद्दा. त्या व्यवहाराची प्रत्यक्ष जबाबदारी सांभाळणारा आणि सीईओने नेमलेला वरिष्ठ अधिकारीच सही करतो. माहिती खरी, अचूक आणि संपूर्ण आहे, असे त्याला प्रमाणित करावे लागते. विभाग खुद्द सीईओची सहीही मागू शकतो. मला हा नियम फार योग्य वाटतो. वकिलाने मसुदा नीट लिहिला तरी आतले बारकावे सौदा करणाऱ्यालाच माहीत असतात.

उत्तर किती दिवसांत

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत. विभागाने जादा माहिती मागितली, तर ती मिळाल्यापासून पुन्हा ३० दिवस. फोनवर काही सांगितले असेल तर तेही लगेच लेखी कळवावे लागते. तोंडी मंजुरी असा प्रकारच नाही. कोणी ‘चालेल’ म्हणाले तरी सहीचा लेखी अभिप्राय हातात येईपर्यंत त्यावर विसंबू नका.

हाती काय येते

अनुकूल अभिप्राय मिळाला, तर ते वर्तन कायद्याला धरून आहे असे न्यायालय गृहीत धरते. पुराव्याने ते खोडता येते, आणि अर्जात काही लपवले होते असे दिसले तर ते टिकणे अवघड. इतर सरकारी खात्यांवर अभिप्राय बंधनकारक नाही.

ऑगस्ट २०२० चा अभिप्राय नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. एका गुंतवणूक कंपनीला परदेशी सरकारी बँकेच्या उपकंपनीला २,३७,५०० डॉलर शुल्क द्यायचे होते. पैसे कुणा अधिकाऱ्याच्या खिशात न जाता संस्थेला जाणार होते, आणि ते खऱ्या कामाचे होते. विभागाने हरकत घेतली नाही. त्याआधीचा अभिप्राय नोव्हेंबर २०१४ चा होता, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे एकही नाही.

कंपन्या का बिचकतात, हे समजण्यासारखे आहे. अर्जाची फाइल माहितीच्या अधिकाराखाली खुली होत नाही; पण अर्जदाराचे नाव, देश आणि व्यवहाराचे सर्वसाधारण स्वरूप जाहीर करण्याचा हक्क विभाग राखून ठेवतो. अलीकडे मात्र ‘अर्जदार’, ‘देश अ’ असेच उल्लेख दिसतात. अभिप्राय येण्याआधी अर्ज मागे घेता येतो, तरी कागदांची प्रत विभागाकडे राहू शकते आणि सरकारी कामासाठी वापरली जाऊ शकते. म्हणून अर्जाचा निर्णय संचालक मंडळाने विचारपूर्वक घ्यावा, एकट्या कम्प्लायन्स अधिकाऱ्यावर सोडू नये.

हिशेबाच्या नियमांतून इश्युअरला या अभिप्रायाने सूट मिळत नाही. मंजूर झालेली रक्कमही वहीत ‘सल्ला शुल्क’ किंवा ‘किरकोळ खर्च’ म्हणून दडवता येत नाही. ती जशी आहे तशीच नोंदवावी लागते, आणि त्या नोंदीसोबत अर्जाची व अभिप्रायाची प्रत ठेवावी.