डुलतं शिंगरू आणि मानेचा एक्स-रे

पाचगणीच्या टेबललँडवर घोडी बाळगणाऱ्या माणसाला शिंगराची चाल बिघडली की लांबूनच कळतं. एक-दीड वर्षाचं, थोराड, खाण्यापिण्यात काही कमी नसलेलं शिंगरू उतारावर मागून डुलू लागतं. वळताना त्याचे पाय पायांत अडकतात, मागच्या खुरांची टोकं झिजतात. ‘कमरेतून गेलं’ म्हणून कमरेला शेक सुरू होतो. दुखणं मात्र कित्येकदा मानेत असतं.

घोड्याच्या मानेत आपल्यासारखेच ७ मणके. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. झपाट्यानं वाढणाऱ्या शिंगरात ही पोकळी अरुंद राहिली, तर रज्जू दाबला जातो. मागच्या पायांशी संबंधित काही तंतू रज्जूच्या बाहेरच्या थरात असल्यानं दाब आधी त्यांना जाणवतो. या आजाराला ‘वॉब्लर’ म्हणतात. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत आणि नरांत तो जास्त दिसतो.

एक्स-रे उभ्या घोड्याचाच, कडेनं काढतात, हलकी गुंगी देऊन. मान जराशी तिरकी झाली तरी मोजमाप फसतं. शिवाय मान प्लेटपासून जितकी लांब, तितकी सावली मोठी पडते. मग मिलिमीटरवर भरवसा कसा ठेवायचा? यावरची युक्ती मला फार आवडते. एकाच चित्रात पोकळीची सर्वांत अरुंद उंची मोजायची आणि तिला त्याच मणक्याच्या पुढच्या टोकाच्या उंचीनं भागायचं. सावली दोन्हींची सारखीच वाढलेली असते, म्हणून भागाकारात ती वाढ निघून जाते. २० भागिले ४० म्हणजे ५० टक्के. चौथ्या ते सहाव्या मणक्यात ५२ आणि सातव्यात ५६ टक्क्यांच्या खाली आकडा आला, की संशय बळावतो.

पण एक्स-रेत हाडं दिसतात, रज्जू नाही. तो खरंच दाबला गेलाय का, हे पाहायला पूर्ण भूल देऊन, कण्यात एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य सोडून पुन्हा एक्स-रे काढावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, कुमरीचा. गुरांच्या पोटातल्या सेटारिया जंताची पिल्लं डासांमार्फत घोड्यात शिरतात आणि रज्जूपर्यंत पोचतात. चाल तशीच डुलते, एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. गोठा आणि तबेला शेजारी असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

शिंगरू वर्षाचं व्हायच्या आत वॉब्लर सापडला, तर खुराक आवरून, खनिजांचा तोल सांभाळून आणि हालचाल मर्यादित ठेवून पोकळीला रुंदावायला वेळ देता येतो. डुलणाऱ्या जनावरावर कुणालाही बसवू नका, ते स्वारासकट कोसळू शकतं. उतारावरच्या चालीचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि पशुवैद्यांना दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही विचारता येईल.