पाणी भरून ठेवणं (घरगुती तयारी)

नळाचं पाणी जाणार किंवा खराब येणार असं धरून घरात काही दिवसांचं पिण्याचं पाणी आणि ते शुद्ध करायचं सामान हाताशी ठेवणं म्हणजे पाणी भरून ठेवणं. सवय जुनीच आहे. घरोघरी नळ आला तरी पिंप आणि कळश्या काही गेल्या नाहीत, कारण बहुतेक ठिकाणी नळाला चोवीस तास पाणी नसतंच. पुण्यात 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने' अशी बातमी आली की बुधवारी रात्री घरातली एकूण एक बादली भरलेली असते, कुकरसुद्धा सुटत नाही. साठवायला आपल्याला कोणी शिकवायला नको, गडबड होते ती साठवलेलं पाणी पिण्यालायक ठेवण्यात.

पाणी तुटायची कारणं वेगवेगळी आणि प्रत्येकाची तयारीही वेगळी. दुष्काळ निदान सांगून येतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं (जलदूत एक्स्प्रेस, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर), पण त्याआधी कित्येक आठवडे लोक टँकरवरच होते. पूर मात्र फसवतो. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा फुगली आणि कोल्हापूरला पाणी देणारी उपसा केंद्रंच बुडाली, म्हणजे दारात गुडघाभर पाणी आणि घागर घेऊन रांग टँकरची. 2021 ला पुन्हा तेच. अशा वेळी लाइट पण गेलेली असते आणि मग भिंतीवरचा आरओ फिल्टर नुसता शोभेचा, कारण त्याला वीज लागते आणि बहुतेकांना नळाचा दाबही लागतो. साधा कँडलचा स्टीलचा फिल्टर अडगळीत टाकला असेल तर काढून ठेवावा, तो विजेशिवाय चालतो, पण त्यातून आलेलं पाणीसुद्धा पुराच्या दिवसात उकळूनच प्यावं.

तिसरा प्रकार जास्त वाईट कारण तो दिसत नाही, नळ चालू असतो आणि पाणीच खराब येतं. लाइन बंद असताना पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो आणि जिथे गळती आहे तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं (नळाला थेट मोटर लावणारे शेजारी यात भरच घालतात). म्हणून पाणी परत आलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं ते पिण्याला भरू नये, ते धुण्याभांड्याला घ्यावं. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गुइयाँ-बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हाही नळ चालूच होते.

किती साठवायचं? पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज 5 लिटर धरा, चौघांचं घर असेल तर तीन दिवसांचे 60 लिटर झाले. वापराचं पाणी वेगळं, ते ड्रममध्ये. पिण्याच्या पिंपाला झाकण आणि तोटी हवीच, तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. घरोघरी दिसतं ते असं की पाहुणा येतो, स्टीलचा ग्लास पिंपात बुडवतो, अंगठा पाण्यात, आणि तिथेच सगळी मेहनत संपते.

शुद्ध करायचा खात्रीचा उपाय उकळणं. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं, आपल्याकडे पंधरा मिनिटं उकळत ठेवतात पण सिलिंडर संपत आलेला असताना ते परवडत नाही. गॅस नसेल तर क्लोरीनचे थेंब, मेडिक्लोर किंवा जीवन ड्रॉप, बाटलीवर लिहिलेत तेवढेच, आणि मग अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा आणि कापडाच्या चार घड्यांतून गाळावं, कारण गाळात क्लोरीन वाया जातं. तुरटीने पाणी नितळ होतं, निर्जंतुक नाही. गावात जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचा पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस) ओटी टेस्ट करतो, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघतो, नळीतल्या पाण्यात थेंब टाकले आणि ते पिवळं झालं की टीसीएल (पाण्यात टाकायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) पोचलंय. आणि नेमकं टीसीएलचा वास येतो म्हणून लोक तेच पाणी ओतून देतात आणि जारचं थंडगार पाणी मागवतात, ते कुठून भरलंय ते न विचारता! फ्लोराइड, नायट्रेट किंवा पुरात मिसळलेलं डिझेल मात्र उकळून जात नाही, अशा वेळी पाणीच बदलायला लागतं.

सोसायट्यांमध्ये पुराचं पाणी आधी खालच्या टाकीत शिरतं, गच्चीवरची बऱ्याचदा चांगली राहते. म्हणून पाणी चढायला लागलं की वर चढवायची मोटर आधी बंद करायची, नाहीतर खालची घाण वर जाते. पूर ओसरला की खालची टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून मगच भरायची.

साठवणीची दुसरी बाजू डास. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात, म्हणजे भांडी रिकामी करून आतून घासायची, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. कालचं पाणी 'शिळं' म्हणून रोज ओतून द्यायची मात्र काही गरज नाही, पिंप स्वच्छ आणि झाकलेलं असेल तर ते दोन-तीन दिवस आरामात चालतं.